कॅटलॉगशिवाय प्रदर्शन नको : कोकणातल्या कलासंग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
कोकणातल्या कलासंग्रहालयांचे विश्वस्त, कला महाविद्यालयांचे प्राचार्य आणि गावोगावी चित्रप्रदर्शने भरवणारी सर्व मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवणे, त्यांच्याकडून स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करून घेणे हे माझे रोजचे काम. आपण भरवलेली प्रदर्शने मी आवर्जून पाहतो, जमेल तेव्हा मुलांनाही घेऊन येतो. कोकणातल्या मुलांना मूळ चित्रे पाहायला मिळतात ती आपल्यामुळे, याची मला पुरेपूर जाणीव आहे. म्हणूनच ही मागणी आपल्याकडे करतो आहे, आणि ती एकच आहे : यापुढे एकही प्रदर्शन कॅटलॉगशिवाय भरवू नका. प्रदर्शन लहान असो, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चार दिवसच भरणारे असो, त्यासोबत छापील कॅटलॉग, म्हणजे त्यातल्या प्रत्येक चित्राची नोंद देणारी पुस्तिका, निघालाच पाहिजे. आणि तो मराठीत असला पाहिजे.

हा हट्ट का, ते सांगतो.

हातात दिवा धरलेल्या, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणाऱ्या स्त्रीचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. कॅलेंडरवर, पोस्टरवर, दिवाळीच्या भेटकार्डावर ते येते. वर्गात मी ते दाखवले की मुले सांगतात, 'सर, हे रविवर्म्याचे.' मुलांच्या घरची मोठी माणसेही तेच सांगतात. ते चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले. पुढे मुंबईत त्यांनी चित्रकलेची संस्था काढली, 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया'च्या स्थापनेत त्यांचा हात होता. हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला समोर उभे करून काढले. राजा रविवर्मा १९०६ मध्येच वारले होते. रविवर्म्याची ओळख तैलरंगांची. हे चित्र तर जलरंगातले. अंधाऱ्या खोलीत एका ज्योतीचा उजेड चेहऱ्यावर, बोटांवर, लुगड्यावर कसा पसरतो ते जलरंगात दाखवणे किती अवघड, हे ज्याने कागदावर पाण्याचा हात फिरवला आहे त्यालाच कळेल. एक थेंब चुकीच्या जागी गेला की सगळे काम वाया. ते चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. त्याच दालनात रविवर्म्याचीही चित्रे आहेत, त्यामुळे गोंधळ आणखी पक्का झाला.

सावंतवाडीच्या माणसाचे हे चित्र सावंतवाडीतच दुसऱ्याच्या नावावर खपते, याचे मला मनापासून वाईट वाटते. यात कोणाची लबाडी नाही. चित्रकाराचे नाव, वर्ष, माध्यम, माप आणि चित्र आज कुठे आहे, एवढी पाच गोष्टींची नोंद शाळेच्या कपाटात असती तर शिक्षक ती काढून दाखवू शकला असता. मला माझ्या तालुक्यात हळदणकरांच्या चित्रांचा असा एकही मराठी कॅटलॉग कुठे मिळालेला नाही.

आता गंजिफांचे पाहा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. सावंतवाडीच्या चितारआळीतली ही कला. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० गोल पाने असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, त्यात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हा सगळा अभिमानाचा विषय आहेच. पण गंजिफांचा नीट अभ्यास करायचा म्हटले की हात जातो तो १९८२ साली लंडनमध्ये छापलेल्या कॅटलॉगकडे. तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्या वर्षी भारतीय गंजिफांचे प्रदर्शन भरवले आणि रुडॉल्फ फॉन लायडन यांनी संग्रहालयातल्या गंजिफांची तपशीलवार सूची केली. फॉन लायडन मूळचे जर्मन, मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक. मुंबईच्या 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' या गटातल्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी सुरुवातीपासून उभे राहिलेले. प्रदर्शनाच्या भिंती केव्हाच रिकाम्या झाल्या. सूची मात्र चाळीस वर्षांनंतरही उघडता येते, त्यातला क्रमांक सांगून दुसऱ्या देशातल्या माणसाशी त्याच पानाबद्दल बोलता येते. ती इंग्रजीत आहे आणि चितारआळीतल्या मुलाच्या हाती पडणे कठीण आहे, एवढीच माझी तक्रार.

पिंगुळीच्या चित्रकथींविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण कॅटलॉग का हवा हे त्या चित्रांइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातल्या कलावंतांनी चित्रे दाखवत कथा गाऊन सांगण्याची ही परंपरा सांभाळली. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याच्या जागेत 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभारले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत आणि चित्रकथीच्या पोथ्या आहेत.

पोथी म्हणजे शिवलेले पुस्तक नव्हे. सुट्या कागदांवरची चित्रे, एका कथेची एक गड्डी. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे एका कागदाला दोन्ही बाजूंनी चित्र. कथेकरी एक बाजू दाखवतो, गातो, सांगतो, मग कागद पालटतो. अशा कागदाला काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावले की अर्धे चित्र भिंतीकडे तोंड करून बसते. क्रम तुटतो. सीतास्वयंवराच्या आधी काय, नंतर काय, हे पाहणाऱ्याला कळत नाही. प्रदर्शनाची ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर भिंतीपुरते फारसे उत्तर नाही. कॅटलॉगात मात्र दोन्ही बाजू समोरासमोरच्या पानांवर छापता येतात, मूळ क्रम देता येतो, प्रत्येक चित्राखाली कथेकऱ्याच्या तोंडचे त्या ठिकाणचे कडवे देता येते. कथा सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विचारून क्रम लावण्याची संधी आपल्याला आहे, ती पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाला असेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. अशा पोथ्या फुटल्या, सुटी चित्रे विकली गेली. कुणाकडे चार, कुणाकडे अकरा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात याच परंपरेतली जुनी चित्रे आहेत. ती पैठण भागातून मिळाली म्हणून त्या शैलीला पैठणचे नाव पडले. १९८० मध्ये त्या चित्रांवर जर्मन भाषेत एक सविस्तर ग्रंथ निघाला. पिंगुळी आणि पैठण यांचे नाते काय, कोणती चित्रे कोणत्या हातची, हे ठरवायचे तर दोन्हीकडची चित्रे शेजारी ठेवून पाहावी लागतात. मूळ चित्रे शेजारी येणे अवघड; त्यांचे कॅटलॉग टेबलावर शेजारी येऊ शकतात. पुण्यातला अभ्यासक, पिंगुळीतला कलावंत आणि माझ्या वर्गातली मुलगी तिघे एकच पान पाहू शकतात.

मला ठाऊक आहे, आपल्यापैकी बरेच जण म्हणतील की आम्ही पुस्तिका काढतो. ती मी पाहिली आहे. ती स्मरणिका असते. सुरुवातीला मान्यवरांचे शुभेच्छा संदेश, मग अध्यक्षांचे मनोगत, सचिवांचे दोन शब्द, समितीची छायाचित्रे, मधोमध जाहिराती. जाहिरातदारांमुळे छपाईचा खर्च निघतो, त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. संदेशांनाही माझा विरोध नाही. पण चित्रांचे काय? चित्रांचा क्रमवार उल्लेख नाही, मापे नाहीत, वर्षे नाहीत.

एका तालुक्याच्या ठिकाणी असेच एक प्रदर्शन भरले होते. गावात तीन पिढ्यांना चित्रकला शिकवलेले, आता हयात नसलेले एक शिक्षक. त्यांची जलरंगातली चित्रे घराघरांतून मागून आणली होती. खाडीची, होड्यांची, देवळाच्या दीपमाळेची, पावसाळ्यात दारात टाकलेल्या इरल्यांची. चित्रे इतकी चांगली होती की मी दुपारभर तिथून हललो नाही. चौथ्या दिवशी चित्रे ज्याच्या त्याच्या घरी परत गेली. पुढे त्यातली काही घरे विकली गेली, माणसे मुंबईला गेली. आता त्या शिक्षकांवर कुणाला लिहायचे आहे, तर कोणते चित्र कुठल्या घरात होते हे सांगणारा एकही कागद नाही. पुस्तिकेत उद्घाटनाचे छायाचित्र आहे. त्यात चित्रांसमोर माणसे उभी आहेत आणि चित्रे त्यांच्या खांद्यांआड गेली आहेत. आयोजकांनी मेहनत केली होती, पदरचे पैसे घातले होते. एक यादी राहून गेली आणि तेवढ्याने सगळे निसटले.

म्हणून कॅटलॉगात काय असावे, ते माझ्या परीने मांडतो. प्रत्येक चित्राला क्रमांक. चित्रकाराचे पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे. चित्राचे नाव, चित्रकाराने दिलेले नसेल तर आयोजकांनी दिले आहे असे स्पष्ट लिहावे. साल, नक्की नसेल तर 'सुमारे'. माध्यम आणि पृष्ठभाग : कागदावर जलरंग, कापडावर तैलरंग, पुठ्ठ्यावर पोस्टर रंग. माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची, मग रुंदी, चौकट सोडून. सही आहे का, कुठल्या कोपऱ्यात, कोणत्या लिपीत. चित्र आता कुणाकडे आहे आणि त्यांच्याकडे कसे आले. पूर्वी कुठे प्रदर्शित झाले, कुठे छापले गेले. आणि चित्राची आजची अवस्था : डाग, फाटलेली कड, बुरशी, वाळवीची भोके. शेवटची नोंद लोक संकोचाने टाळतात. ती टाळू नये. दहा वर्षांनी पुन्हा तेच चित्र पाहताना नुकसान वाढले की थांबले, हे कळायला दुसरे साधन नाही.

चित्राच्या पाठीचेही छायाचित्र घ्या, ही माझी खास विनंती आहे. पाठीवर फ्रेमवाल्याची चिठ्ठी असते, जुन्या प्रदर्शनाचा क्रमांक असतो, कधी बक्षिसाचा शिक्का, कधी पेन्सिलीने लिहिलेला पत्ता. मुंबईच्या गिरगावातल्या किंवा दादरच्या फ्रेमवाल्याची चिठ्ठी सापडली की चित्र मुंबईत चौकटीत बसले एवढे तरी हाती लागते. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे. तिच्या वार्षिक प्रदर्शनाचे लेबल एखाद्या जुन्या चित्राच्या पाठीला निघाले तर त्या वर्षीच्या सूचीशी ताडून नाव आणि साल दोन्ही मिळू शकते. इथेच दोन कॅटलॉग एकमेकांना भेटतात. आपण फ्रेम बदलायला टाकतो तेव्हा जुना पुठ्ठा दुकानदार फेकून देतो आणि त्यासोबत हे सगळे जाते. तो पुठ्ठा मागून घ्यावा, निदान त्याचा फोटो काढावा.

छायाचित्रासाठी महागडा स्टुडिओ लागत नाही. फ्लॅश बंद ठेवावा. काच काढता येत असेल तर काढावी. सकाळी पडवीत, थेट ऊन नसलेल्या उजेडात चित्र उभे करावे, कॅमेरा तिवईवर, भिंग चित्राच्या मध्याशी सरळ रेषेत. शेजारी मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवून एक फोटो, त्यांच्याविना दुसरा. रंगांची पट्टी ठेवली नाही तर छापखान्यात निळा हिरवा होतो आणि समुद्राच्या चित्रात तर तेच मारक ठरते. उजेड एका बाजूने तिरका टाकून आणखी एक फोटो काढला तर रंगाचे थर, खरवडलेल्या जागा, सुरकुत्या दिसतात.

मालकांच्या भीतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण घरोघर चित्रे मागायला गेलो की तीच आडवी येते. 'आमच्याकडे चित्र आहे हे छापून आले तर चोर येईल.' किंवा, हळू आवाजात, 'भाऊबंद हिस्सा मागतील.' दोन्ही भीती खऱ्या आहेत, त्यांना हसू नये. छापील कॅटलॉगात 'खासगी संग्रह' एवढेच लिहावे, गावाचेही नाव देऊ नये. मालकाचे नाव आणि पत्ता संस्थेच्या वेगळ्या नोंदवहीत, कुलुपात. चोरीचे म्हणाल तर माझे मत उलट आहे. ज्या चित्राचा फोटो आणि माप छापून झाले आहे ते विकणे चोराला अवघड जाते. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदन गावच्या देवळातली नटराजाची मूर्ती चोरून परदेशात विकली गेली, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोहोचली. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने ती देवळात असतानाच काढून ठेवलेली छायाचित्रे होती, त्यांनी ओळख पटली आणि २०१४ मध्ये मूर्ती भारतात परत आली. जमिनीला सातबारा असतो, तशी चित्राला ही नोंद. सातबारा नाही म्हणून आपण कुणी निश्चिंत झोपत नाही.

हक्कांची बाजू थोडक्यात. चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्कही आला, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. भारतीय कायद्यात कलाकृतीचा हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी लागेल. ती मागताना घरच्या आठवणीही मिळतात, जुनी पत्रे निघतात. परवानगीच्या निमित्ताने कॅटलॉग समृद्ध होतो. चित्रकथीच्या बाबतीत कायद्यापलीकडची जबाबदारी आहे. पोथी हे त्या घरांचे दैवतही आहे आणि पोटापाण्याचे साधनही. कोणते पान छापायचे, कोणते नाही, हे त्यांनी ठरवावे. विक्रीतला वाटा त्यांना मिळावा. प्रस्तावनेत त्यांची नावे अभ्यासकांच्या आधी यावीत.

पैशांचा प्रश्न मला तितका मोठा वाटत नाही. सोळा पानांचे दोन फर्मे, मधोमध पिना मारलेली बत्तीस पानांची पुस्तिका, शंभर-दोनशे प्रती. डिजिटल छपाईत एवढे होते. पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांचा आणि मंडपाच्या सजावटीचा खर्च आवरला तरी मोठा भाग निघेल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात विनाशुल्क मिळतो, तो घ्याच. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशनाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना पाठवायच्या असतात. स्मरणिकांच्या बाबतीत हे कुणी करत नाही. कोकणासाठी त्याचे मोल फार आहे.

कारण आपल्याकडे कागद टिकत नाही. जूनपासून चार महिने हवेत जी ओल असते ती चित्रांच्या कागदाला, त्यावरच्या सरसाला, चौकटीच्या लाकडाला खाते. बुरशी, कसर, वाळवी यांच्याशी आपण सगळेच झगडतो. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २००५ च्या पुराने आणि पुन्हा २२ जुलै २०२१ च्या पुराने त्याचे किती नुकसान केले ते चिपळूणकरांना सांगायला नको. त्या दिवशी घराघरांतून काय काय वाहून गेले त्याची तर गणतीच नाही. कॅटलॉगाच्या प्रती चार शहरांत गेलेल्या असल्या तर वाशिष्ठी किंवा जगबुडी कितीही चढली तरी नोंद बुडत नाही. मूळ चित्र गेले याचे दुःख राहीलच. पण काय गेले हे तरी सांगता येईल.

आणि काही चित्रे तर मुळात टिकण्यासाठी काढलेलीच नसतात. गणपतीच्या मागची भिंत रंगवायची पद्धत अजून आपल्या खेड्यांत आहे. दरवर्षी नवी भिंत, जुन्यावर चुना. त्यांचे प्रदर्शन संग्रहालयात आणता येणार नाही. पण गावातल्या वीस घरांच्या भिंतींचा चतुर्थीच्या आठवड्यात फोटो काढून, कोणी रंगवली, कोणते रंग वापरले एवढे लिहून छापले, तर तो कॅटलॉग हेच प्रदर्शन होईल. एखाद्या कला महाविद्यालयाने हे काम अंगावर घ्यावे असे मला फार वाटते. सावर्ड्याला आणि देवरुखला कला महाविद्यालये आहेत, तिथली मुले याच गावांतून आलेली असतात.

हे आपल्याच्याने होणार नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. कातळशिल्पांचे उदाहरण समोर आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, कोरलेली ती चित्रे हजारो वर्षे होती, गुरे त्यांच्यावरून जात होती. रत्नागिरीच्या हौशी अभ्यासकांनी उन्हातान्हात सडे तुडवले, गावकऱ्यांना विचारले, साफ केले, मोजले, आखले, नोंदले. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, हे आज आपण सांगू शकतो, कारण कुणीतरी टेप धरला होता. २०२२ मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण, कुडोपी आणि गोव्यातले फणसायमाळ अशी नऊ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. नोंद नसती तर यादीत काय पाठवले असते?

आता दोन सूचना, नावानिशी.

पहिली सदानंद बाकरे यांच्याबद्दल. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्या सहा जणांपैकी ते एक. सुझा, रझा, हुसेन, आरा, गाडे यांच्या सोबतीचे आणि त्या सहांमधले शिल्पकार. ग्रुपने १९४९ मध्ये मुंबईत प्रदर्शन भरवले तेव्हा कॅटलॉगात सुझांनी आपली भूमिका लिहून ठेवली. आज त्या गटाविषयी कुणीही लिहायला बसला की आधी तो मजकूर काढतो. एका पातळ पुस्तिकेतल्या थोड्या ओळींनी एका चळवळीला तिच्या स्वतःच्या शब्दांत बोलते ठेवले. बाकरे १९५१ मध्ये इंग्लंडला गेले, १९७५ मध्ये परतले आणि दापोली तालुक्यातल्या मुरुड-हर्णैला येऊन राहिले. २००७ मध्ये ते वारले. आयुष्याची अखेरची तीसेक वर्षे एवढा मोठा कलावंत आपल्या किनाऱ्यावर राहत होता. त्या काळात त्यांच्याकडे गेलेली, त्यांना काम करताना पाहिलेली माणसे अजून आहेत. बाकऱ्यांवर दापोलीत एक प्रदर्शन व्हावे. मूळ शिल्पे मिळाली नाहीत तर छायाचित्रांचे व्हावे, आणि त्याच्या कॅटलॉगात या माणसांच्या आठवणी तारीख-वारासकट छापल्या जाव्यात. दिल्ली-मुंबईच्या कॅटलॉगांत हर्णैच्या वर्षांना फार तर एक ओळ येते. ती वर्षे आपणच लिहायची आहेत.

दुसरी विनायकराव करमरकरांबद्दल. अलिबागजवळच्या सासवण्यात १८९१ साली त्यांचा जन्म झाला. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे (आजच्या रायगडचे) कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या नजरेला पडले आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोहोचला. पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज शिल्पालय आहे. तिथे सिमेंटमध्ये केलेली माणसे, जनावरे, शंख फुंकणारा, मासळीवाली असे सगळे आजूबाजूचे जग उभे आहे. घरच्यांनी ते जपले, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तितके थोडे. खाऱ्या वाऱ्यात सिमेंट झिजते, आतली सळी गंजते. अशा शिल्पांची चारही बाजूंनी छायाचित्रे, मापे आणि अवस्था यांची मराठी नोंद आताच छापून ठेवली तर पुढची डागडुजी करणाऱ्याला मूळ पृष्ठभाग कसा होता ते कळेल. रायगडातल्या एखाद्या संस्थेने कुटुंबाला विचारून, त्यांच्या मर्जीने, हे काम हाती घ्यावे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून फिरते संग्रहालय काढले, ते गावांपर्यंत जाते. बस आली की मुले हरखतात, मी ते जाणतो. बस निघून गेल्यावर शाळेत काहीतरी राहावे, म्हणून प्रत्येक कॅटलॉगाच्या काही प्रती जिल्ह्यातल्या शाळांना आणि 'अ' वर्गापासून 'ड' वर्गापर्यंतच्या सर्व ग्रंथालयांना पाठवाव्यात. त्यात मुलांसाठी दोन पाने सोप्या भाषेत असावीत. किंमत ठेवायची तर ती एसटीच्या तिकिटाएवढी असावी. पीडीएफ फुकट द्यावी. मोबाइलवर ती घरोघर जाते आणि मुंबईत असलेल्या चाकरमान्यांपर्यंतही पोहोचते. त्यांच्यातलाच कुणीतरी कळवील की असेच एक चित्र आमच्या माळ्यावर आहे.

पावसाळ्यात प्रदर्शने कमी असतात. हेच चार महिने याद्या करायला, फोन करायला, वारसांना पत्रे लिहायला वापरता येतील. ज्या संस्थेकडे आधीच संग्रह आहे तिने पुढच्या प्रदर्शनाची वाट न पाहता भिंतीवर असलेल्या चित्रांपासूनच सुरुवात करावी. आमच्या जिल्ह्यातल्या ज्या मंडळाला हे करायचे आहे पण माणसे नाहीत, त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत मला कळवावे. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि इंटरमिजिएटची मुले मोजपट्टी, रंगांची पट्टी आणि नोंदीचे कोरे तक्ते घेऊन येऊ. चहापाण्याखेरीज काही लागणार नाही.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग